सोयादूध, घाणा चौदावा: वास गेला, गूळ अजून छळतोय

सातव्या घाण्यापर्यंतची माझी रड एकच होती: दाणे तापवून दळणारं सोयादुधाचं मशीन झकास, दूध दाट, पण पेल्याशी नाक नेलं की कच्च्या शेंगेचा उग्र वास. त्यावर वेलदोडा झाला, केशर झालं, चॉकलेटची पावडरसुद्धा झाली. वास जागेवरच. ज्या कोल्हापुरात गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून फेसाळता पेला हातात देतात, तिथं हे कोणाच्या गळी उतरवायचं? आबांनी एका घोटात निकाल लावला: "म्हशीची पेंड मला का पाजाय लागलाइस?"

चूक स्वादात नव्हती, दळण्यात होती. सोयाबीनमध्ये लिपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम असतं. दाणा फुटून त्याला पाणी-हवा लागली की ते दाण्यातल्या तेलाशी खेळ करतं आणि तो वास तयार होतो, तोही झटक्यात. एकदा तयार झाला की नुसतं उकळून पुरता जात नाही. म्हणजे दाणा फुटायच्या आधीच ते मारायला हवं, आणि त्यासाठी ८० अंशांच्या वरची उष्णता लागते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९६० च्या दशकात हेच केलं गेलं, दाणे कढत पाण्यातच दळले. माझ्या मशीनची पहिली घरघर ऐकताच बटण बंद करून थर्मामीटर बुडवला, तर ६२! सगळी गोम तिथंच.

आठव्यापासून पद्धत बदलली. १०० ग्रॅम कोरडे दाणे थंडीत दहा तास भिजवतो (उन्हाळ्यात सहा-सातच, नाहीतर पाणी फेसाळून आंबूस होतं). चोळून निघतील तेवढी सालं काढायची. मग उकळत्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून दाणे पाच मिनिटं उकळायचे, ते पाणी फेकायचं आणि दाणे गरम असतानाच ताज्या कढत पाण्याबरोबर मशीनमध्ये. नवव्या घाण्याला पेला नाकाशी नेला आणि काहीच नाही. नाद खुळा! दूध मात्र जरा पातळ उतरतं, कारण उकळल्यावर थोडं प्रथिन दाण्यातच आखडून चोथ्याबरोबर जातं. म्हणून पाणी लिटरवरून ९०० मिलीवर आणलंय.

मशीन थांबल्यावरही मी दूध गाळून पातेल्यात दहा मिनिटं मंद उकळतो. कच्च्या सोयातला ट्रिप्सिन इनहिबिटर प्रथिनाचं पचन अडवतो, त्याला नीट शिजवूनच निकामी करता येतं. आणि फेसाला भुलू नका. सोयातल्या सॅपोनिन या फेस आणणाऱ्या घटकामुळे खरी उकळी फुटायच्या आधीच फेस वर धावतो. अकराव्या घाण्याला मी त्यालाच उकळी समजून गॅस बंद केला, रात्रभर पोटात गुडगुड.

दाण्यांबद्दल एकच: पेरणीच्या पिशवीतलं बियाणं चुकूनही घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. मी पाहुण्यांच्या रानातलं 'फुले संगम' वाणाचं सोयाबीन आणतो.

आता गूळ. कोल्हापुरात राहून साखर घालायची म्हणजे लाजच. पण दहाव्या घाण्याला गरम दुधात गुळाचा खडा टाकला आणि पातेलंभर कण्या झाल्या. गुळात थोडी आम्लता असते, शिवाय गुऱ्हाळात रस निवळायला चुनाही वापरतात. सोयाचं प्रथिन गरम असताना दोन्हींपुढे लगेच साकळतं. टोफू, म्हणजे सोयाचं पनीर, तरी दुसरा कशाचा होतो? बाराव्यापासून गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, थंड करून फ्रिजमधल्या दुधात घालतो. तीनदा पैकी दोनदा जमलं. परवा गडद, जुना गूळ होता, तेव्हा थंड दूधही तळाला कणीदार झालं. पिवळाधमक नवा गूळ घेऊन पुन्हा पाहणार.

चौदाव्याचं प्रमाण असं: एक पेला दुधाला दोन चमचे गुळाचं पाणी, जायफळ नखाएवढं आणि मिठाची कणी. मीठ विसरू नका, त्यानं दुधाला अंग येतं. आबांनी अर्धा पेला संपवला. "पेंड न्हाई, पण दूधबी न्हाई."

चोथा थालीपिठात जातोय. ज्वारीच्या पिठाच्या निम्म्यापेक्षा जास्त घातला की तव्यावर मोडतं, त्यामुळे फ्रिजमध्ये तीन डबे साचलेत. रात्री पंधराव्यासाठी भिजत घातलंय: ७५ ग्रॅम सोया, २५ ग्रॅम शेंगदाणे.