थरथर सर्वोची, दुखणं भलतीकडंच

माझी रिमोटवरची एक-दशांश मापाची बग्गी सेकंडहँड. थ्रॉटल दिला की पुढची चाकं थरथरायची. कोल्हापूरच्या तपोवन मैदानावरच्या पोरांचं निदान एकच, "सर्वो गेला भावा, नवा टाक." सर्वो म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर. मेटल गिअरचा बरा सर्वो काही मिसळीच्या भावात येत नाही, म्हणून आधी कारण शोधायचं ठरवलं.

गाडीतला रिसीव्हर रिमोटचा हुकूम घेतो आणि सर्वोला साधारण दर 20 मिलिसेकंदांनी एक पल्स पाठवतो. ती 1.5 मिलिसेकंदाची असली की चाकं सरळ. 1 कडं गेली की एका अंगाला, 2 कडं गेली की दुसऱ्या. शाफ्ट आत्ता कुठं आहे, हे सर्वोच्या पोटातला पॉट (पोटेन्शिओमीटर) सांगतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तोच प्रकार. मागितलेली जागा आणि पॉटनं सांगितलेली जागा जुळेना, की सर्वो हलतो. म्हणजे थरथरीला पल्समधला कचरा, अपुरी वीज किंवा झिजलेला पॉट यातलं काहीही पुरतं. सर्वोचा स्वतःचा दोष फक्त शेवटचा.

चाचणी सोपी आहे. गाडी पळवणाऱ्या मोटरच्या वायरी सोडल्या, थ्रॉटल देत स्टिअरिंग फिरवलं, तर थरथर जवळजवळ गायब. वायरी परत जोडल्या, ईएससीच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीच्या, प्लगमधली रिसीव्हरला वीज देणारी लाल पिन काढून टेप लावली आणि रिसीव्हरला चार रिचार्जेबल एए सेलचा, 4.8 व्होल्टचा डबा दिला. थ्रॉटलवर थरथर पुन्हा हजर. म्हणजे कचरा मोटरचाच.

मोटर ब्रश्ड, आधीच्या मालकानं बदललेली, आणि तिच्यावर एकही कपॅसिटर नव्हता. ब्रशमधल्या ठिणग्यांचा गोंगाट सरळ वायरिंगमध्ये. 104 नंबरचे (0.1 मायक्रोफॅरडचे) तीन सिरॅमिक कपॅसिटर लागतात: एक दोन टर्मिनलच्या मध्ये आणि प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या डब्याला एकेक. डब्याला मात्र टाका धरेना. उद्यमनगरातल्या एका वाइंडिंगवाल्या काकांकडं गेलो.

"काका, टाका बसंना."

"25 वॅटच्या काडीनं बसतोय व्हय? सगळी उष्णता डबाच खातोय."

त्यांनी कानशीनं डबा घासून चकचकीत केला, फ्लक्स लावला आणि जाड टोकाची 60 वॅटची काडी टेकवली. शिसं पाण्यासारखं पसरलं. (ब्रशलेस मोटरला हे करायचं नाही, तिथं कपॅसिटर ईएससीच्या बॅटरीकडच्या बाजूला असतो.) सर्वोची वायर मोटरच्या वायरींबरोबर एकाच झिप टायमध्ये आवळलेली होती, तीही वेगळी केली.

मग उरला तो जोरात वळताना बसणारा झटका. कधीकधी रिसीव्हरचा दिवाही क्षणभर विझायचा. लाल पिन परत बसवली होती, आणि रिसीव्हर-सर्वोला वीज देणाऱ्या ईएससीतल्या बीईसीवर छापलंय 5 व्होल्ट, 1 अँपिअर. अडलेला सर्वो त्याहून जास्त ओढतो. अशा वेळी रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला मोठा कपॅसिटर लावा, असं सगळे सांगतात. मी लावला, 2200 मायक्रोफॅरड, 16 व्होल्ट. प्लस-मायनस उलटं झालं तर फुटतो, एवढं लक्षात ठेवा. पण खरा गुण आला तो एंड पॉइंट, म्हणजे रिमोटवरची सर्वोच्या प्रवासाची मर्यादा, कमी केल्यावर. चाकं स्टॉपला टेकल्यावरही सर्वो ढकलतच होता. कपॅसिटर क्षणभराचा खड्डा भरतो, कायमची ओढ नाही.

शेवटी राहिली ती उभ्या गाडीतली, अगदी मधोमध येणारी बारीक थरथर. सर्वो गाडीबाहेर नुसत्या सर्वो टेस्टरवर, म्हणजे पल्स देणाऱ्या छोट्या डबीवर, लावला तरी ती तिथंच यायची, म्हणजे हा पॉट. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे पॉटमधली कार्बनची पट्टी मध्येच जास्त घासते. खालचे चार लांब स्क्रू काढले, गिअरचा आधी फोटो घेतला, पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

मग हॉर्न, म्हणजे सर्वोच्या शाफ्टवरचा हात, एक दात सरकवला. 25 दातांच्या शाफ्टवर एक दात म्हणजे 14.4 अंश. तेवढं सबट्रिम (मधली जागा सरकवायची सेटिंग) रिमोटवर देऊन चाकं सरळ केली आणि एंड पॉइंट नव्यानं लावले. आता सरळ धावताना पॉट पट्टीच्या न झिजलेल्या जागेवर असतो. एका बाजूचा प्रवास कमी होतो खरा, पण माझ्या बग्गीला वळायला तेवढा पुरतो. सबट्रिम इतकं जात नसेल, तर मात्र पोरांचं म्हणणं खरं, नवा टाक. आणि नवा डिजिटल घेतला तर तो उभ्या गाडीतही बारीक गुणगुणतो. त्याला लगेच खोलून बसू नका.