व्हिक्टोरियाचा रुपया विकताना पैसे कसे पारखतो

१८६२ छापाचा चांदीचा रुपया विकायला काढला की पहिला फोन बहुधा घासाघीस न करणाऱ्याचा. 'मी फौजेत, पोस्टिंगवर आहे. नाणं पसंत. क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील.' इथेच फोन ठेवतो. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही, स्कॅनही नाही. आणि जुन्या नाण्याचं खरं गिऱ्हाईक भाव पाडल्याशिवाय राहत नाही.

'लाखाला घेतो, आधी कमिशन भरा' म्हणणारे तर रिझर्व्ह बँकेचं नाव सांगतात. आपण असल्या व्यवहारात नाही आणि कमिशन मागत नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.

स्क्रीनशॉट पुरावा धरत नाही. हिरवी टिक दाखवणारी बनावट अ‍ॅप मिळतात. एसएमएसही नाही. बँकेचं अ‍ॅप उघडतो, स्टेटमेंटमधली नोंद आणि १२ अंकी व्यवहार क्रमांक जुळवतो. '५०० ऐवजी चुकून ५,००० गेले, उरलेले परत टाका' असा फोन आला तरी आधी स्टेटमेंटच. जादा रक्कम खरंच आली असेल, तर ती बँकेमार्फतच परत.

पण खरी डोकेदुखी पैसे खरोखर आल्यानंतरची. तिसऱ्याच कुणाला फसवून त्याचे पैसे तुमच्या खात्यात वळवले जातात आणि भामटा नाणं घेऊन पसार होतो. फसलेल्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की माग तुमच्यापर्यंत पोचतो. तेवढी रक्कम, कधी अख्खं खातंच गोठतं. म्हणून पैसे पाठवणारा, बोलणारा आणि पार्सल घेणारा ही तिन्ही नावं एक असल्याशिवाय नाणं हलवत नाही. 'मेहुण्याच्या खात्यातून टाकतो' याला नकारच. विक्रीचं खातं वेगळं, त्यात मोजकीच शिल्लक. चॅट, बिल, पार्सलची पावती जपतो. गोठलेलं खातं सोडवायला तीच दाखवावी लागतात.

परदेशी गिऱ्हाइकाचा विचारच करत नाही: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं आपल्याला बाहेर धाडता येत नाही.

'डबी रिकामी आली' ही ओरड टाळायला पार्सलचा व्हिडिओ मध्ये न तोडता काढतो: काट्यावर नाणं, शेजारी पत्ता, मग डबी, चिकटपट्टी. रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, झिजलेला ११.५ च्या आसपास भरतो. काट्यावरचा आकडा जाहिरातीतही तोच टाकतो, नाहीतर 'नाणं बदललंत' ऐकावं लागतं.