पाठचं भावंड

बुधवार, रात्री पावणेअकरा, डोंबिवली

आज जेवताना सासूबाईंनी पुन्हा तोच विषय काढला. "ईरा आता पाच वर्षांची होईल, तिला पाठचं कुणीतरी हवं गं." मी काही न बोलता आमटी वाढत राहिले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, १.७ निघाला, लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो साधारण २.१ असावा लागतो. सासूबाईंच्या तरुणपणी जे पटवण्यासाठी सरकारला भिंतीभिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवावे लागले, ते आम्ही कुणी न सांगता करतो आहोत, आणि तरीही चंगळवादाचा ठपका आमच्यावरच येतो.

२०१७ च्या कायदादुरुस्तीमुळे मला बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तिचे मोल मी जाणते, मात्र तो पगार कंपनीलाच सोसावा लागत असल्यामुळे नंतर दुसरीकडे मुलाखतीला गेले, तेव्हा "पुढचा काय विचार?" हा प्रश्न हसत हसत का होईना, विचारला गेलाच. त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली. पण ज्या गाडीत डोंबिवलीला माझे स्वतःचेच दोन्ही पाय एकदम आत जात नाहीत, त्या सकाळच्या फास्ट लोकलमधून तान्हे मूल कडेवर घेऊन परळपर्यंत न्यायचे कसे? म्हणून ईरा घराजवळच्या पाळणाघरात वाढली. ते साडेसातला बंद होते, आणि गाडी मुंब्र्याच्या अलीकडे थांबली की काकूंचा फोन येतो.

नवरा मदत करतो. "काय करू, सांग" असे तो रोज विचारतो, आणि ते सांगण्याचे काम माझ्याकडेच राहते. (२०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटे जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. त्याला हे आकडे दाखवले, तेव्हा आपण सरासरीच्या वर आहोत याचाच त्याला आनंद झाला.)

ओटा आवरताना मी सासूबाईंना विचारले, "तुम्ही शाळेतली नोकरी करून दोघांना कसं सांभाळलंत?"

"मी कुठे सांभाळलं? घरात दोन नणंदा होत्या," त्या म्हणाल्या, आणि ईराचा डबा माझ्या हातातून घेऊन घासू लागल्या.