कोयी, साली, आठळ्या वगैरे

आमसूल म्हणजे मुळात फळाची साल आहे, हे आपल्या लक्षातच राहत नाही. रातांबा फोडायचा, आतल्या बिया आणि गर बाजूला काढायचा, आणि हातात जी साल उरते ती मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवून उन्हात टाकायची, वाळली की परत बुडवायची, परत वाळवायची, असं करत करत ती काळीजांभळी झाली की झालं आमसूल, जे आपण दुकानातून पैसे मोजून आणतो. बरं बियासुद्धा टाकत नाहीत. त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगतं, ते गार झालं की थिजतं आणि त्याचे गोळे वळून ठेवतात, गोव्याकडे भिरंडेल म्हणतात, रत्नागिरीत मुठेल. थंडीत टाचांच्या भेगांना लावायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही असं माझं ठाम मत आहे (महागडी फूट क्रीम वापरून झाल्यानंतरचं मत).

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे हल्ली मोबाईल उघडला की कुणीतरी फळांच्या सालींचे 'हॅक्स' सांगत असतं. केळ्याच्या सालीने दात घासा, बूट पुसा, कुंडीत टाका, चेहऱ्याला लावा. आणि मग त्या सालींसाठी फ्रीजरमध्ये डबे ठेवा, लेबल लावा. मला विचाराल तर हा कचरा कमी करणं नाही, कचऱ्याला फ्रीजरमध्ये भाड्याने जागा देणं आहे, दोन महिन्यांनी तो डबा तसाच ओल्या कचऱ्यात जातो, वर वीज जळली ती वेगळीच. आपल्या आयांच्या स्वयंपाकघरात हे असलं साठवणं नव्हतं. ज्या दिवशी फळ आलं त्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी साल-कोय कुणाच्या तरी पोटात, नाहीतर बरणीत, नाहीतर गोठ्यात. माझा सगळा आग्रह एवढाच आहे की आधी पोटाचा विचार करा, बाकी सगळं नंतर. खाता येण्यासारखं असेल तर खाऊन संपवणं हाच सगळ्यात सोपा उपाय.

आता जून लागलाय म्हणजे घरात आंबा संपत आलेला असणार, तर आंब्यापासूनच सुरू करते. आमरस काढला की कोयी आणि साली एका पातेल्यात टाकायच्या, वर वाटी-दोन वाट्या पाणी आणि हाताने मस्त चोळायच्या. कितीही पिळून रस काढला असला तरी कोयीला बराच गर चिकटलेला असतो, ते पाणी चांगलं दाट पिवळं होतं. ते गाळून घ्यायचं, त्यात गूळ, मीठ, चवीला हिरवी मिरची, आणि तुपाची फोडणी, जिरं हिंग कढीपत्ता. थोडी तांदळाची पिठी लावली तर अंगाला येतं, आणि नारळाचं दूध घालणार असाल तर शेवटी घाला आणि उकळी आणू नका, फुटतं. हे आंब्याचं सार. गरम भातावर घ्या नाहीतर नुसतं प्या. गुजराती लोक असंच कोयींचं पाणी ताक-बेसनात घालून कढीसारखं करतात, त्याला फजेतो म्हणतात, तोही छान लागतो पण मला खोबऱ्याचं सारच बरं वाटतं, माहेर कोकणातलं असल्याचा परिणाम. फक्त एक, आंबा आधी नीट धुवा आणि देठाकडचा भाग कापून टाका, तिथला चीक तोंडाला लागला तर ओठ सुजतात काहींचे.

कोय पण अजून संपलेली नाही बरं का. ती वाळवायची, फोडायची, आतली गिरी काढायची. नुसती कच्ची खाल्ली तर तुरट कडू, म्हणून मिठाच्या पाण्यात उकडून, पातळ काप करून वाळवतात आणि मग तुपावर परतून वर सैंधव आणि थोडी जिरेपूड. जेवणानंतर चघळायला सुपारीपेक्षा कितीतरी चांगली. पण फोडताना हाताला जपा.

फणसाबद्दल तर काय बोलू. फणस हे फळ असं आहे की त्यातलं टाकायचं काय हाच प्रश्न पडतो. गरे खाल्ले, बरका असेल तर सांदणं झाली, आठळ्या ठेवल्या, आणि वरची चारखंडं गुरांना. पुण्यात फ्लॅटमध्ये गुरं नाहीत त्यामुळे चारखंडं कंपोस्टला, पण आठळ्या मात्र इथेही लोक सरळ टाकतात आणि माझा जीव वरखाली होतो. अहो, आमच्याकडे आठळ्या मातीत घोळवून पावसाळ्यासाठी ठेवायचे! बाहेर धो धो पाऊस, बाजारात भाजी नाही, तेव्हा चुलीतल्या निखाऱ्यात चार आठळ्या भाजायच्या नाहीतर सुकट घालून कालवण करायचं. आता कुकरला मीठ घालून उकडा, वरचं पांढरं कडक टरफल काढा, आतली तपकिरी साल राहिली तरी चालते. मग अळूच्या फदफद्यात घाला, नुसती खोबरं-मिरचीची सुकी भाजी करा, नाहीतर भाजून मीठ लावून खा. पोटाला जरा जड आहेत, वायू होतो, तेव्हा रात्री खाऊ नका आणि खाल्ल्या तर मला दोष देऊ नका.

कलिंगडाचं गणित अगदी साधं आहे पण कुणी करत नाही. लाल भाग संपला की हिरवी साल आणि लाल भाग यांच्यामधला जो पांढरा भाग असतो तो कितीतरी असतो हो, आख्ख्या कलिंगडाचा किलोभर सहज निघतो, आणि तो जातो घंटागाडीत. वरची कडक हिरवी साल सोलाण्याने काढा, पांढरं किसा आणि भाजणीत घालून थालीपीठ लावा. वरून पाणी घालायची गरजच नाही, किसाला मीठ लागलं की तोच इतकं पाणी सोडतो की भाजणी कमी पडते. चणाडाळ घालून दुधीची करतो तशी भाजी पण होते. कर्नाटकच्या किनाऱ्याकडे तांदूळ भिजवून याच पांढऱ्या भागाबरोबर वाटून डोसे घालतात, अगदी मऊ होतात. पोरं घरात असतील तर टूटीफ्रूटी करा, बारीक तुकडे पारदर्शक होईपर्यंत उकडायचे आणि साखरेच्या एकतारी पाकात रात्रभर ठेवायचे, रंगासाठी बिटाचं पाणी. दुकानात मिळते ती कच्च्या पपईची असते, चवीत फरक कळत नाही.

लिंबाच्या पिळलेल्या फोडींचं लोणचं माहिती असेलच. सरबत झालं की फोडी काचेच्या बरणीत, वर मीठ, रोज नवीन फोडी वरून टाकत जायच्या आणि बरणी उन्हात. साल मऊ पडली की गूळ किंवा साखर आणि तिखट, उपासाला करायचं असेल तर हळद-हिंग नको. मिठात मुरल्यावर कडवटपणा बराच उतरतो. आणि ज्या फोडी लोणच्यापुरत्या उरल्या नाहीत त्यांच्यावर मीठ टाकून तांब्याचा तांब्या घासा, आंबटामुळे वरचा काळा थर सुटतो, लगेच धुवून पुसून ठेवा नाहीतर हिरवट डाग पडतात.

संत्रं हे माझ्या सासरचं फळ. नागपूर. तिथे आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चकडे, म्हणजे हिवाळाभर घरात संत्र्यांची पोती. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात मी साली उचलून डस्टबिनकडे निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "काहून फेकून राहिली वो, दिवाळीला उटण्यात काय टाकशील?" तेव्हापासून साली सावलीत वाळवून, मिक्सरला फिरवून, चाळून ठेवते. मसूर डाळीचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी आणि ही साल. विकतच्या उटण्यात इतका वास नसतो. साल खायचीच असेल तर चटणी होते, पण दोनदा उकळून ते पाणी टाकून द्यावं लागतं नाहीतर कडू जहर, मग चिंच, गूळ, तिखट. भाताबरोबर एक चमचा पुरतो. खरं सांगायचं तर माझ्या घरात ही फक्त मीच खाते.

डाळिंबाच्या साली मात्र मी खाण्याच्या भानगडीत पडत नाही. त्यात टॅनिन भरपूर, म्हणून रंगासाठी उत्तम. साली पाण्यात उकळा, सुती कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून मग त्यात टाका, पिवळा रंग येतो, आणि त्याच पाण्यात गंजलेले खिळे टाकलेत तर रंग काळपट हिरव्याकडे जातो. जुन्या पांढऱ्या ओढणीवर करून बघण्यासारखं आहे.

अननसाच्या साली मेक्सिकोत गूळपाण्यात दोन-तीन दिवस आंबवून तेपाचे नावाचं पेय करतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर दीड दिवसातच फेसाळतं. केळी काळी पडली तर बन्स करा. बाकी केळ्याच्या सालीने दात पांढरे होतात वगैरे सोडून द्या, आणि साल आख्खी कुंडीत टाकू नका, चिलटं होतात, तुकडे करून मातीत पुरा. त्यात पोटॅश असतं हे खरं पण नुसत्या त्यावर गुलाब जगत नाही, त्याला बाकी खत पण लागतं.

आता बायोएन्झाइम, म्हणजे साली गूळपाण्यात आंबवून केलेलं साफसफाईचं पाणी. सोसायटीच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतं म्हणून सांगते. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, प्लॅस्टिकच्या बाटलीत, तीन महिने. थायलंडच्या रोसुकोन पूमपानवोंग बाईंनी हे लोकांपर्यंत नेलं. काचेची बाटली घेऊ नका, पहिल्या महिन्यात गॅस होतो, रोज झाकण सैल करायचं, नाहीतर सिंकखाली स्फोट. पाणी घालून लादी पुसायला, बाथरूमच्या टाइल्सना छान चालतं. पण शहाबादी, कोटा, संगमरवर आणि तुमचा तो काळा कडप्प्याचा ओटा, यांच्यावर अजिबात नको! हे सगळे चुनखडीचेच दगड, आंबट पाण्याने त्यांची चकाकी जाते आणि परत येत नाही. आणि ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. लिंबू-संत्र्याच्या साली घातल्या तर वास चांगला, पपई-केळं घातलं तर नाक धरायची तयारी ठेवा.

सीताफळाच्या बियांचं पण सांगून टाकते कारण उवांसाठी त्या वाटून लावायचा सल्ला अजून फिरतो. डोळ्यात गेलं तर डोळ्याला खरंच गंभीर इजा होते. हे करू नका, बिया सरळ टाका. सगळंच वापरलं पाहिजे असा काही नियम नाहीये.

संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालात भारतातल्या घरांमध्ये माणशी वर्षाला साधारण 55 किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे, आणि त्या मोजणीत साली, बिया, हाडं असं न खाण्याजोगं पण धरलेलं असतं, म्हणजे तुमचं कलिंगडाचं पांढरं पण त्यातच आलं. हे सगळं डेपोवर जाऊन एकमेकांवर दाबलं जातं, हवा लागत नाही, मिथेन होतो, आणि मग मुंबईत देवनारला 2016 च्या जानेवारीत लागली तशी आग लागली की दिवसेंदिवस धुमसत राहते. ते डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचं आहे, विचार करा. तेव्हा जे पोटात जात नाही ते निदान घरच्या कंपोस्टच्या बादलीत तरी जाऊ दे. ओल्या सालींवर प्रत्येक वेळी सुका पाला किंवा कोकोपीट टाकायचं, एवढंच काय ते तंत्र, पाला कमी पडला की वास येतो. पावसाळ्यात जास्त लागतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हाच दोन पोती भरून ठेवा, सोसायटीचा माळी आनंदाने देतो, त्याचं जाळायचं काम वाचतं. लिंबू-संत्र्याच्या साली बारीक करून आणि थोड्याच घाला, गांडुळांना आवडत नाहीत.

आंब्याची कोय मात्र कंपोस्टमध्ये वर्ष-वर्ष तशीच पडून राहते. ती टाकण्याऐवजी पेरा, पण हापूसच्या कोयीला हापूसच लागेल ही आशा ठेवू नका, कोयीपासून आलेलं झाड वेगळंच निघतं आणि फळ धरायला सात-आठ वर्षं घेतं. कोकणात रोपवाटिकावाले रायवळ आंब्याच्या कोयी रुजवतात आणि कोंब कोवळा असतानाच त्यावर हापूसची काडी बांधतात, त्याला कोय कलम म्हणतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडेही अशी कलमं मिळतात. कोय जास्त दिवस वाळली की उगवत नाही, त्यामुळे करायचं तर याच महिन्यात. आणि गावाकडे ओळखीची नर्सरी असेल तर फोन करून विचारा, रायवळच्या कोयींचं पोतं त्यांना बहुतेक हवंच असतं.