मांस सोडायचं, पण कोणत्या कारणासाठी?

मांस खावं की सोडावं, असं कुणी मला विचारलं की मी आधी उलट विचारते, "कशासाठी सोडायचंय?" बहुतेक जण एका दमात तीन कारणं सांगतात. तब्येतीला बरं, पृथ्वीला बरं आणि प्राण्यांचा जीव वाचतो. तिन्ही कारणांत तथ्य आहे. पण ती एकाच दिशेला नेत नाहीत. हे ध्यानात न घेता तिन्ही एकत्र बांधून निघालेला माणूस पहिल्या अडचणीलाच गोंधळतो आणि पुन्हा होता तिथे येतो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, रक्ताचे नमुने तपासणं हे माझं रोजचं काम. मांस-मासे मी सोडून बरीच वर्षं झाली. नवरा दोन्ही खातो. आता कॉलेजात जाणारी लेक म्हणतेय, "आई, मलाही सोडायचंय." तिच्याशी जे बोलणं चाललंय ते इथे लिहून काढते, कारण तिच्या वयाची आणखी पुष्कळ मुलं-मुली याच विचारात असणार.

तिचं पहिलं कारण हवामानबदलाचं होतं. त्यासाठी आम्ही दोघींनी जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांचा २०१८ सालचा अभ्यास उघडला. ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून त्यांनी कोणत्या अन्नामागे किती हरितगृह वायू हवेत जातात ते मांडलं आहे. १०० ग्रॅम प्रथिनांसाठी, मांसासाठीच पाळलेल्या गुरांच्या मांसामागे सरासरी ५० किलो, मेंढीच्या मांसामागे २० च्या आसपास, चीजमागे ११, कोंबडीमागे साधारण ६, अंड्यांमागे ४ आणि टोफूमागे २ किलो. वाटाण्यासारख्या कडधान्यामागे अर्ध्या किलोहूनही कमी. गुरं-मेंढ्या रवंथ करतात, त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव चारा आंबवताना मिथेन तयार करतात, आणि इतका मोठा फरक पडण्यामागे हे एक मुख्य कारण आहे.

आता या आकड्यांचा अर्थ लावा. हवामान हेच कारण असेल, तर कोंबडी सोडून त्याजागी चीज खाणाऱ्या माणसाने आपला वाटा वाढवला. तो शाकाहारी झाला खरा, पण ज्यासाठी झाला ते काम बिघडलं. याच कारणाने गुरांचं आणि मेंढीचं मांस बंद करून अधूनमधून कोंबडी खाणाऱ्याने मात्र बरंच साधलं. त्याला शाकाहारी होण्याची गरजच नाही. हे ऐकून लेक जरा हिरमुसली. पण मला वाटतं, हे आधी कळलेलं चांगलं.

कारण प्राण्यांच्या बाजूने पाहिलं की हिशेब नेमका उलटा होतो. एका मोठ्या जनावरापासून दोनशे किलोहून जास्त मांस मिळतं, एका कोंबडीपासून दीड-दोन किलो. म्हणजे हवामानासाठी गुरांचं मांस सोडून कोंबडीकडे वळलं, तर तेवढ्याच मांसासाठी एका जिवाच्या जागी शंभरावर जीव जातात. त्यांचं आयुष्य कसं असतं हेही बघायला हवं. मांसासाठी वाढवलेली ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापायच्या वजनाची होते. निवडक पैदाशीने तिची वाढ इतकी वेगवान केलेली आहे की अनेक पक्ष्यांच्या पायांना ते वजन पेलवत नाही आणि ते लंगडू लागतात.

माझं कारण हेच आहे, प्राण्याला होणारी वेदना. एका प्रयोगाने माझा निर्णय पक्का केला. तो २००० साली इंग्लंडमधल्या पशुवैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. ब्रॉयलर कोंबड्यांसमोर दोन रंगांचं खाद्य ठेवलं. एकात कारप्रोफेन हे वेदनाशामक औषध मिसळलेलं होतं, दुसऱ्यात नव्हतं. कोणतं खायचं ते कोंबड्यांवर सोडलं. लंगडणाऱ्या कोंबड्यांनी औषधाचं खाद्य धडधाकट कोंबड्यांपेक्षा जास्त खाल्लं, आणि लंगडणं जितकं जास्त तितकं ते खाद्य जास्त. प्राण्याला दुखतं की तो नुसताच प्रतिक्षेप असतो, यावर माणसं किती काळ वाद घालत आली आहेत! इथे तो पक्षी स्वतः औषध निवडत होता. वेदनाशामक कोण मागतो, हे मला माझ्या कामामुळे रोज दिसतं. हे वाचल्यावर मला कोंबडी खाणं शक्य राहिलं नाही. याला कुणी भावनिक म्हणालं तर म्हणू दे. भावना आहेच, पण ती एका निरीक्षणावर उभी आहे.

तिसरं कारण तब्येतीचं. लोकांना सगळ्यात भरवशाचं वाटतं ते हेच, आणि माझ्या मते सगळ्यात डळमळीत तेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, बेकन, हॅम यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. असं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांनी सांगितलं. त्याच गटात तंबाखूही आहे, म्हणून "मांस सिगारेटइतकंच घातक" अशी वाक्यं फिरायला लागली. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. प्रक्रिया केलेलं मांस टाळा हे मी घरी ठामपणे सांगते, नवऱ्यानेही ते बंद केलंय. पण त्यातून सगळंच मांस वाईट असं निघत नाही.

ब्रिटनमध्ये सुमारे ४८,००० लोकांवर १८ वर्षं नजर ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. शाकाहारी लोकांत हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडण्याचा आजार २२ टक्के कमी दिसला, आणि पक्षाघात २० टक्के जास्त. असल्या अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरं, पण एक बाजू डोळे झाकून निवडावी असं चित्र काही दिसत नाही. तळलेलं, गोड आणि मैद्याचं खाऊन शाकाहारी राहता येतं, आणि मांस खाऊनही पानात भाज्या-कडधान्यं भरपूर असू शकतात. फक्त तब्येतीसाठी मांस सोडणाऱ्याला माझं सांगणं असतं की आधी उरलेल्या पानाकडे बघ.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. मांस सोडलं की बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडू शकतं, कारण ते मुख्यतः प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातून येतं. ते कमी असलेल्या माणसाच्या रक्ताची स्टेन केलेली (रंग दिलेली) स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली घेतली, की तांबड्या पेशी मोठ्या आणि अंडाकृती दिसतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला एरवी तीन-चार लोब (भाग) असतात, इथे पाच-सहा दिसतात. पेशी वाढते, पण डीएनए वेळेवर तयार होत नाही म्हणून विभाजन रखडतं, त्याचा हा परिणाम. (फॉलिक अॅसिड कमी असलं तरी चित्र असंच दिसतं, म्हणून नुसत्या स्लाइडवरून निदान करायचं नसतं.)

खरा घोटाळा पुढे आहे. लोह कमी असलं की तांबड्या पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकाच वेळी कमी असली, तर सरासरी आकार, म्हणजे रिपोर्टवरचा एमसीव्ही, अगदी नॉर्मल येऊ शकतो. कागद बघून माणूस निर्धास्त होतो. स्लाइडवर मात्र लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ असते. पाळी सुरू असलेल्या, आहाराकडे लक्ष न देता मांस सोडलेल्या मुलींच्या बाबतीत मला याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारतं, पण बी-१२ च्या अभावाने नसांचं होणारं नुकसान आतून चालूच राहतं. तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा. उपचाराला उशीर झाला तर यातलं सगळंच भरून येतं असं नाही.

बी-१२ वनस्पती बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत, ते जिवाणूंसारखे सूक्ष्मजीव बनवतात. स्पिरुलिना या शेवाळासारख्या पूरक अन्नामध्ये ते असतं असं सांगतात, पण त्यातलं बरंचसं आपल्या शरीराला उपयोगी न पडणाऱ्या रूपात असतं. १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी यकृत खायला घालून पर्निशियस अॅनिमियाचे, म्हणजे बी-१२ शोषलं न गेल्याने होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचे, रोगी वाचवले. त्या कामाला १९३४ चं नोबेल मिळालं. यकृतातला तो पदार्थ, म्हणजे बी-१२, वेगळा काढायला १९४८ उजाडलं. आज ते टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून बनवतात. म्हणजे आजची गोळी घेण्यासाठी कुणालाही मारावं लागत नाही, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. मोठ्या माणसाची गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमच आहे, पण एका वेळच्या मात्रेतलं थोडंसंच शोषलं जातं, म्हणून गोळ्या मोठ्या मात्रेच्या असतात. यकृतात काही वर्षांचा साठा असतो. त्यामुळे मांस सोडल्यावर पहिली दोन वर्षं "मला तर काहीच झालं नाही" असं वाटत राहतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर यात अजिबात ढिलाई करू नये. आईच्या अंगात बी-१२ नसेल तर बाळाच्या वाट्याला येत नाही, आणि अशा बाळाचा स्वतःचा साठाही फार कमी असतो.

लेकीचा पुढचा प्रश्न मला अपेक्षितच होता. "मग दूध आणि अंडी?" प्राण्यांची वेदना हे कारण असेल, तर हा प्रश्न टाळता येत नाही. अंड्यांसाठी पाळलेल्या जातीची नर पिल्लं अंडी देत नाहीत आणि मांसासाठी परवडत नाहीत, म्हणून जगभर अशी अब्जावधी पिल्लं जन्मल्या दिवशीच मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून हे बंद केलं, तिथे अंड्यातच नर-मादी ओळखण्याचं तंत्र वापरतात. दुधासाठी गाय व्यायला लागते, आणि जन्मलेल्या नर वासराचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक डेअरीपुढे असतो. रोज चार अंडी खाणारा शाकाहारी आणि क्वचित मोठ्या जनावराचं मांस खाणारा माणूस, यांत जास्त जीव कुणामुळे जातात याचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.

दुसऱ्या टोकाला कालवं आणि तत्सम शिंपल्यातले जीव आहेत. त्यांना मेंदू नसतो, फक्त मज्जापेशींच्या काही गाठी असतात. खडकाला किंवा दोराला चिकटून ते पाणी गाळत राहतात. त्यांना वेदना कळत असण्याची शक्यता मला फार कमी वाटते, आणि त्यांच्यात बी-१२ भरपूर असतं. मी ते खात नाही, पण कुणी मांस सोडून ते खात असेल तर माझ्या लेखी त्याने काही मोडलं नाही. वेदना ही कसोटी धरली की रेघ शाकाहार-मांसाहाराच्या सीमेवरून जात नाही. अंडं टाळायच्या बाजूला येतं आणि कालव चालणाऱ्या बाजूला जातं. लेकीला हे पटलं, नवऱ्याला फारसं नाही. तो म्हणतो इतकं मोजून कुणी जेवत नाही. मला वाटतं आयुष्यभर रोज करायच्या गोष्टीचा एकदा तरी इतका विचार करावा. ज्यांच्यापुढे निवड नाही, जिथे बर्फ किंवा नुसतं गवत आहे आणि जनावरांवाचून जगणं नाही, त्यांना मात्र हे प्रश्न विचारण्याचा मला अधिकार नाही.

लेकीने शेवटी प्राण्यांचंच कारण धरलं. कोंबडी आणि मासे बंद, दूध सध्या चालू. जेवणात रोज कडधान्य, त्यावर लिंबू, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींमधलं लोह जास्त शोषलं जातं, आणि चहा जेवणाला लागून घ्यायचा नाही. गोळ्या सुरू करण्याआधी तिचं रक्त घेतलं, नंतर घेतलं असतं तर बी-१२ चा आकडा गोळीमुळेच वर गेलेला दिसला असता. बी-१२ ठीक आलं, फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, खालच्या बाजूला. ते घेऊन या आठवड्यात डॉक्टरांकडे जाणार आहोत, आणि अंड्यांचं काय करायचं ते तिचं लोह वर आल्यावर ती ठरवेल.