वस्तीवरच्या डिशचं नेट गोठा, बेदाणा शेड आणि विहिरीपर्यंत नेताना

आमची वस्ती मोहोळ तालुक्यात. घराच्या स्लॅबवर व्हीसॅटची (उपग्रहावरून येणाऱ्या नेटची) डिश, मोडेम माजघरात. तिथून नेट तीन ठिकाणी न्यायचं होतं: 40 मीटरवरचा गोठा, 85 मीटरवरचं बेदाणा शेड आणि 230 मीटरवरची विहिरीची मोटारखोली. रिपीटरवर (वायफाय पकडून पुढे फेकणाऱ्या डबीवर) वेळ घालवू नका. पत्रा वायफाय अडवतो, आणि रिपीटरच्या हाती लागतो तो सिग्नल आधीच अर्धमेला असतो.

पहिल्यांदा शेडपर्यंत लॅन केबल टाकली. लॅनची मर्यादा 100 मीटर, त्यामुळे लांबीची अडचण नव्हती. अडचण अर्थिंगची होती. घराला सिंगल फेज, शेडला थ्री फेज, दोन्हींचं अर्थिंग वेगळं. जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगच्या दाबात क्षणभर मोठा फरक पडतो आणि तांब्याची केबल त्या फरकाला वाट करून देते. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात शेडमधला राउटर आणि मोडेमचा लॅन पोर्ट एकदमच गेले. वीज केबलवर पडलेलीही नव्हती. तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, दोन इमारतींच्या मध्ये तांबं नको, फायबर (काचेच्या धाग्यातून प्रकाशाने नेट नेणारी केबल) टाका.

फायबरला खर्च वाटतो तेवढा नाही. ‘सिंगल मोड’ प्रकारची ड्रॉप केबल, दोन्ही टोकांना कंपनीतूनच एससी कनेक्टर (चौकोनी पिन) बसवलेली घ्यायची. 85 मीटरला 100 मीटर मागवा. आतल्या आधाराच्या तारा पोलादी नकोत, एफआरपीच्या (काचतंतूच्या प्लास्टिकच्या) हव्यात, नाहीतर विजेला पुन्हा धातूची वाट मिळते. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधल्या प्रकाशाचं लॅनमध्ये रूपांतर करणारी डबी) लागतो आणि तिथेच बरेच जण फसतात. फायबरच्या एकाच धाग्यावर दोन्ही बाजूंची वाहतूक असेल, तर एक कन्व्हर्टर 1310 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर पाठवणारा आणि दुसरा 1550 वर पाठवणारा लागतो. दुकानदार त्याला ए आणि बी म्हणतात. दोन्ही ए आले तर फायबरचा दिवा लागतच नाही, आणि आपण विनाकारण केबलला दोष देत बसतो.

चर दीड फूट, ट्रॅक्टर जातो तिथे अडीच फूट. आत एक इंची एचडीपीई पाइप, आणि पाइपात एक जास्तीची नायलॉनची दोरी पुढच्या कामासाठी. जुनी इनलाइन ठिबकची नळी वापरायचा मोह होतो, पण आतले ड्रिपर केबल पुढे सरकू देत नाहीत. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, ओढून टाकलेली केबल त्यात तुटते. म्हणून सैल सोडा आणि दोन्ही टोकांना दोन-दोन मीटरचं वेटोळं ठेवा. वेटोळं ताटलीएवढं, मुठीएवढं नको.

शेडमधला राउटर फक्त अ‍ॅक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा) म्हणून चालवायचा: डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद, पत्ता मोडेमपेक्षा वेगळा (मोडेम 192.168.1.1 तर हा 192.168.1.2), आणि केबल वॅनमध्ये नाही, लॅन पोर्टमध्ये. बेदाण्याला गंधकाची धुरी देतो तिथे उघडा राउटर टिकत नाही, पोर्टच्या पिना काळ्या पडतात. गोठ्यात तेच काम गोमूत्राचा अमोनिया करतो. झाकणाला रबर असलेली बंद पेटी घ्या, केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत घ्या.

विहिरीपर्यंत चर खणता आली नाही, मध्ये चुलत्यांचं रान आहे. तिथे 5.8 गिगाहर्ट्झच्या वायरलेस ब्रिजची (समोरासमोर लावून हवेतून नेट नेणाऱ्या दोन रेडिओंची) जोडी लावली. मार्चमध्ये उसाचा खोडवा गुडघ्याएवढा होता, सिग्नल उणे 55 डीबीएम होता (उण्याचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर). सप्टेंबरात ऊस डोक्यावर गेला आणि तोच सिग्नल उणे 78 वर येऊन तुटायला लागला. समोरचा खांब नुसता दिसून भागत नाही. लहरींना मधल्या टप्प्यात चारी बाजूंनी मोकळी जागा लागते. 230 मीटरवर मधोमध ती सुमारे 1.7 मीटर, त्यातली निदान एक मीटर तरी उसाच्या शेंड्याच्या वर रिकामी हवी. ऊस 12 फूट धरला तर 15 फुटी खांब अपुरा. आम्ही दोन्हीकडे 20 फुटी जीआय पाइप उभे केले. तुरा आल्यावरही आता लिंक टिकते.

मोटारखोलीत शेतीची लाइट आठ तासच. रेडिओ आणि कॅमेरा मिळून 12 वॅट, म्हणजे दिवसाला 288 वॅट-अवर. 12 व्होल्ट 75 एएचची बॅटरी आणि 100 वॅटचं सोलर पॅनल पुरतं. रेडिओ 24 व्होल्टचा असेल तर मध्ये व्होल्टेज वाढवणारा बूस्टर लागतो.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मात्र क्लाउडवर टाकू नका. 2 एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला 21.6 जीबी खातो, सॅटेलाइटचा प्लॅन आठवड्यात संपतो. रेकॉर्डिंग घरातल्या एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या पेटीवर) ठेवा. गावात असताना मोबाइलवरून पाहायचं तर सबस्ट्रीम (कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं, हलकं चित्र) लावा. उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर असल्यामुळे चित्र थोडं उशिरा येतं, त्याला इलाज नाही.