शिळा सण

2006 साली दसरा आणि किपूर, आम्हा ज्यूंचा उपवासाचा सण, एकाच दिवशी आले होते, 2 ऑक्टोबरला. यंदा 2025लाही तसंच झालं. चंद्रावर चालणारी दोन पंचांगं, एकोणीस वर्षांनी पुन्हा त्याच तारखेला भेटली. 2006ला आई होती.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मूळ कोकणातले, पप्पांच्या नोकरीमुळे लातूरला आलो ते इथलेच झालो. किपूरला आमच्यात दारफाळणीचा सण म्हणतात. दार लावून, पांढरे कपडे घालून, पाण्याचा थेंबही न घेता दिवसभर प्रार्थना करायची. आदल्या संध्याकाळी घरातली गेलेली माणसं घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात, असं आमच्याकडे मानतात.

उन्हं कलायच्या आत आई काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल घालून वात लावायची. तेल करडीचं, लातुरात दुसरं काय मिळणार! आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांना हे तेल चालतं का, असं मी लहानपणी खूप काळजीने विचारलं होतं. आई म्हणाली, "उजेड ओळखतात ते."

मग ती एकेकाचं नाव घ्यायची. आजोबा, आजी, पाळण्यातच गेलेला माझा भाऊ, आणि पुढे पप्पासुद्धा. कद्दिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. इथे आमचं एकच घर, आणि सिनेगॉग, आमचं प्रार्थनास्थळ, थेट पुण्याला. पप्पा गेले त्या वर्षी त्यांच्यासाठी घरात कद्दिश झाला नाही, हे तिला शेवटपर्यंत लागून राहिलं.

2006च्या त्या दसऱ्याला संध्याकाळी गल्लीतली पोरं सोनं घेऊन आली. शेजारच्या काकूंचा आवाज आतपर्यंत आला, "दार वाजवू नका रे, माय उपाशी बसलीय. उंबऱ्यावर ठेवा." सकाळी आईने दार उघडलं तर आपट्याच्या पानांचा ढीग. तिने तो ओच्यात घेतला, पुऱ्या तळल्या, देवळापाशी बसणाऱ्यांना वाटल्या (शिळ्या सणाला दानधर्म करायचाच असतो) आणि येताना प्रत्येक घरी सोनं देऊन आली. पण त्याआधी ती बराच वेळ उघड्या दारात एका बाजूला सरून उभी होती. कुणाला तरी वाट द्यावी तशी. "सावकाश जा," एवढंच म्हणाली.

यंदा पेला मी भरला. नावं घेताना पप्पांच्या नावापर्यंत नीट आले, पुढचं नाव मात्र तोंडातून निघेना. वात संथ जळत होती. खूप वेळाने "आई" म्हणाले, तिचं नाव नाहीच घेता आलं.

काकू आता थकल्यात, नातू आला होता. 3 तारखेला सकाळी दार उघडलं, उंबऱ्यावर पानं होती. मी ती लगेच उचलली नाहीत. दाराच्या एका बाजूला सरून उभी राहिले.